व्यापारी वारे आणि दूरची लाट

कन्नडपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी दोनशे किलोमीटरहून दूर आहे. आमच्या वसतिगृहातील बहुतेक मुलामुलींना तो प्रथम दिसतो शालेय सहलीत, आणि कित्येकांना शिक्षण किंवा नोकरीनिमित्त मुंबई गाठल्यावरच. तथापि जूनमध्ये गौताळ्याच्या डोंगरावर जो वारा येतो, तो समुद्रावरूनच येतो. त्याचा माग काढीत गेल्यास आपण थेट मॉरिशसच्या पलीकडे पोहोचतो. त्या वाऱ्याची आणि वाऱ्याने उठविलेल्या लाटेची ओळख येथे करून देण्याचे कारण केवळ अभ्यासक्रम हे नाही. वारा नाही म्हणजे लाट नाही, अशी समजूत आपल्याकडे सर्वत्र आढळते, आणि ती जिवावर बेतणारी आहे.

विषुववृत्तावर तापून वर गेलेली हवा दोन्ही गोलार्धांत साधारण 30 अंश अक्षवृत्तापाशी खाली उतरते. तेथून ती पृष्ठभागालगत पुन्हा विषुववृत्ताकडे वाहू लागते. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते व ईशान्येकडून येते; दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते व आग्नेयेकडून येते. हेच व्यापारी वारे. मराठीतील या नावाने थोडी फसगत होते. इंग्रजीतील ‘ट्रेड’ या शब्दाचा जुना अर्थ ठरलेली वाट असा होता. व्यापार हा अर्थ मागाहून आला आणि भाषांतरात तोच रुजला. वाट न सोडणारा वारा, हेच त्याचे खरे वर्णन.

मॉरिशस बेटावर हा वारा कसा वागतो ते पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून अनेक मराठी कुटुंबे उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून तेथे गेली; त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव साजरा करतात. आग्नेय व्यापारी वारे आपल्याकडील पावसाळ्यात, म्हणजे त्यांच्याकडील हिवाळ्यात, तेथे सर्वांत जोरात वाहतात. आकाशात कापसाच्या पेळूंसारखे लहान ढग रांगेने सरकतात, पण दोन किलोमीटरच्या आसपास हवेचा उबदार थर त्यांची वाढ रोखतो. म्हणून सपाटीवर सरी येतात त्या घटका-दोन घटकांच्या. डोंगराने वारा अडविला की मात्र चित्र पालटते : मध्यवर्ती पठारावर वर्षाला सुमारे 4,000 मिलिमीटर पाऊस, तर पश्चिम किनाऱ्यावर 1,000 मिलिमीटरहूनही कमी. सह्याद्रीच्या अलीकडे, पर्जन्यछायेत राहणाऱ्या आपणा मराठवाड्यातील माणसांना हा हिशेब निराळा समजावून सांगावयास नको.

हाच वारा जून उजाडताच विषुववृत्त ओलांडतो. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत वेग घेऊन तो अरबी समुद्रावर वळतो आणि नैऋत्य मोसमी वारा म्हणून कोकणावर येऊन आदळतो. आफ्रिकेलगतच्या या वेगवान प्रवाहाचे सविस्तर वर्णन फिंडलेटर या ब्रिटिश हवामानतज्ज्ञाने 1969 मध्ये केले. त्यामागील नियम दर्यावर्दींना मात्र दोन हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होता. जुलैमध्ये इजिप्तमधून निघालेली जहाजे या वाऱ्यावर भारताचा किनारा गाठीत आणि हिवाळ्यात ईशान्य वाऱ्यावर परतत. आपल्याच तालुक्यातील पितळखोरा लेण्यांत पैठणच्या गांधी, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या, कुळातील मितदेवाच्या दानाचा लेख कोरलेला आहे. त्या काळी पैठणहून घाट उतरून माल सोपारा, कल्याणकडे जात असे, आणि पुढची वाट हा वाराच ठरवीत असे. आषाढ पौर्णिमेनंतर भिक्खू वर्षावासाला बसत, तेव्हा कोकणातील लहान होड्याही वाळूवर ओढलेल्या असत.

आता लाटेकडे वळू. लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टी ठरवितात : वाऱ्याचा वेग, तो किती काळ वाहिला आणि किती लांब पाण्यावरून वाहिला. जागच्या वाऱ्याने उठलेली लाट आखूड व खडबडीत असते. दोन शीर्षांमध्ये सहा-सात सेकंदांचे अंतर असते. प्रचंड वादळाने उठविलेली लाट मात्र वादळ मागे टाकून पुढे निघते. तिचा आवर्तनकाल 18 सेकंद धरला, तर खोल पाण्यात तिची लांबी सुमारे 500 मीटर भरते आणि तिची ऊर्जा दिवसाला सुमारे 1,200 किलोमीटर जाते. वॉल्टर मंक या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये अंटार्क्टिकाभोवतीच्या वादळांच्या लाटांचा माग थेट अलास्कापर्यंत काढला होता.

हवाई बेटांवर या दोन्ही लाटा शेजारी शेजारी दिसतात. तेथील उन्हाळ्यात ईशान्य व्यापारी वारे बहुतेक दिवस वाहतात व पूर्व किनाऱ्यावर आखूड लाटांचा खळखळाट चालतो. वाऱ्याच्या आडोशाला असलेल्या दक्षिण किनाऱ्यावर त्याच दिवसांत संथ, उंच, रेखीव लाटा येतात. फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होणारे खेळाडू त्यांचीच वाट पाहतात. त्या येतात न्यूझीलंडच्या बाजूच्या हिवाळी वादळांतून. हिवाळ्यात महाकाय लाटांसाठी प्रसिद्ध असलेला उत्तर किनारा त्या वेळी पुष्कळदा तळ्यासारखा असतो. प्रतीत्यसमुत्पाद शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना वर्गात हे उदाहरण चटकन पटते : कारण डोळ्यांआड असले, तरी कार्य समोर उभे राहते.

भारताच्या किनाऱ्यावरही हेच घडते. केरळात अशा अवचित लाटांना ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, म्हणतात. 6 मे 2024 रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातील लेमूर किनाऱ्यावर वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच तरुण बुडाले. पाऊस नव्हता, चक्रीवादळ नव्हते. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने, म्हणजे इन्कॉइसने, दूरच्या लाटांचा इशारा मात्र आधीच दिला होता. तो इशारा सहलीला निघालेल्यांपर्यंत पोहोचत नाही, हे आम्हांस सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते.

दूरच्या लाटा गटागटाने येतात. दहा मिनिटे घोट्याएवढे पाणी खेळते आणि मग चार-पाच मोठ्या लाटा लागोपाठ चढतात. म्हणून किनाऱ्यावर पोहोचताच पाण्याकडे धावू नये; वीस मिनिटे उभे राहून पाहावे. लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा गडद व शांत दिसला, आणि फेस त्यातून बाहेरच्या दिशेने जात असला, तर तेथे किनाऱ्याकडून खोल पाण्याकडे नेणारी ओढ असते. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. ओढीत सापडल्यास तिच्याविरुद्ध पोहून दमू नये. तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर सरकून बाहेर पडावे. सहलीची तारीख ठरविताना भरती-ओहोटीच्या वेळा आणि सहलीच्या दिवशी सकाळी इन्कॉइसच्या संकेतस्थळावरील लाटांचा इशारा सोबतच्या शिक्षकांनी पाहावा. तेथे लाटेच्या उंचीबरोबर आवर्तनकालही दिलेला असतो. उंची एकच मीटर, पण आवर्तनकाल पंधरा सेकंदांहून अधिक असेल, तर त्या दिवशी मुलांना वाळूवरच खेळू द्यावे.