घटक ४ : उद्दिष्टविधानाची भाषा : वालधुनी ते वसईची खाडी

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• सदिच्छा आणि उद्दिष्ट यांतील भेद सांगता येईल.
• शुद्धीकरण, सुशोभीकरण, पुनःस्थापन व पुनरुज्जीवन या संज्ञांच्या अर्थच्छटा स्पष्ट करता येतील.
• खाडीच्या परिसंस्थेविषयी अचूक उद्दिष्टविधान लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अंबरनाथचे शिवमंदिर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. इ. स. १०६० चा शिलालेख असलेले हे शिलाहारकालीन मंदिर वालधुनी नदीच्या काठी उभे आहे. वालधुनी पुढे उल्हासनगरातून वाहत कल्याणजवळ उल्हास नदीस मिळते. उल्हासचा मुख्य प्रवाह वसईच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळतो. म्हणून अंबरनाथच्या पात्रात जे सोडले जाते, त्याचा हिशेब खाडीला द्यावा लागतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगर येथे वालधुनीत रसायने सोडल्यामुळे पसरलेल्या वायूने शेकडो रहिवासी बाधित झाले. तेव्हा हा हिशेब माणसांनाही चुकला नाही.

‘नदी स्वच्छ झाली पाहिजे’ या वाक्याविषयी कोणाचेच दुमत नसते. व्याकरणदृष्ट्याही ते निर्दोष आहे. तरीही त्यास उद्दिष्ट म्हणता येईल का, हा या घटकाचा प्रश्न आहे.

४.२ नदी की नाला?

वालधुनीस व्यवहारात अनेक जण ‘नाला’ म्हणतात. हा केवळ शब्दभेद नाही. ‘नाला’ म्हटले की पाणी तुंबू नये, एवढीच अपेक्षा उरते. मग गाळ काढला आणि भिंत बांधली की काम संपते. ‘नदी’ म्हटले की पाण्याचा दर्जा, काठ आणि जलचर यांचा विचार क्रमप्राप्त ठरतो. नामकरणातच उद्दिष्टाची मर्यादा आखली जाते.

४.३ चार संज्ञा

पुढील संज्ञा अनेकदा समानार्थी म्हणून वापरल्या जातात. त्या तशा नाहीत.

(अ) सुशोभीकरण : काठाचे रूप पालटणे. पाणी काळेच राहिले तरी हे पूर्ण होऊ शकते.
(आ) शुद्धीकरण : पाण्यातील दूषित घटक कमी करणे.
(इ) पुनःस्थापन : पूर्वस्थितीस नेणे. येथे ‘पूर्व’ म्हणजे केव्हा, हे सांगावेच लागते. मंदिर उभारले गेले तो काळ, की १९४९ साली उल्हासनगर वसले त्याआधीचा?
(ई) पुनरुज्जीवन : जीवसृष्टी पुन्हा नांदू लागणे. तिवरांखालच्या चिखलात निवट्या दिसू लागणे, कोळी बांधवांच्या जाळ्यात बोईट व चिंबोरी येऊ लागणे, ही त्याची खूण.

४.४ उद्दिष्टविधानाची रचना

‘खाडीतील प्रदूषण कमी केले जावे’ हे विधान पाहा. कर्मणी रचनेमुळे येथे कर्ता अदृश्य झाला आहे. ‘कमी’ या शब्दास माप नाही, ‘जावे’ या क्रियापदास मुदत नाही. परिणामी हे विधान कधीच खोटे ठरत नाही. जे विधान अपयशी ठरू शकत नाही ते उद्दिष्ट नव्हे, ती सदिच्छा होय.

उद्दिष्टविधानाने पाच प्रश्नांची उत्तरे द्यावीत : कोठे, काय, किती, केव्हापर्यंत आणि कोणी? ‘किती’ हा प्रश्न खाडीत विशेष अवघड असतो. नदीचे पाणी स्नानयोग्य ठरण्यासाठी विरघळलेला प्राणवायू प्रतिलिटर किमान ५ मिलिग्रॅम असावा लागतो. खाऱ्या पाण्यात प्राणवायू तुलनेने कमी विरघळतो. समुद्र व खाडीच्या स्नानयोग्य पाण्यासाठी किमान मर्यादा ४ मिलिग्रॅम आहे. शिवाय भरतीला समुद्राचे पाणी आत येऊन मोजमाप सुधारते, ओहोटीला खरी स्थिती उघडी पडते. म्हणून मोजणी कोणत्या वेळी करावयाची, हेही विधानातच लिहिले पाहिजे.

सरावासाठी रचलेले एक विधान असे : ‘वसईच्या खाडीतील पाच निश्चित ठिकाणी ओहोटीच्या वेळी मोजलेला विरघळलेला प्राणवायू २०३५ अखेरपर्यंत वर्षभर प्रतिलिटर ४ मिलिग्रॅमपेक्षा कमी राहणार नाही, यासाठी नदीकाठच्या सर्व नगरसंस्था आपापले सांडपाणी प्रक्रिया करूनच सोडतील.’ हे विधान रुक्ष आहे. परंतु २०३६ साली कोणीही नागरिक त्याच्या आधारे जाब विचारू शकेल.

४.५ एक तुलना

अमेरिकेतील चेसापीक उपसागरासाठी २०१० साली वार्षिक नायट्रोजनची कमाल मर्यादा १८.५९ कोटी पौंड ठरवण्यात आली आणि त्यासाठीच्या उपाययोजनांना २०२५ ची मुदत दिली गेली. मुदतीत सर्व उद्दिष्टे साध्य झाली नाहीत. तथापि काय साधले आणि किती उणे राहिले, हे सांगता आले. अपयशही मोजता येणे, हे नेमक्या भाषेचे फलित होय.

४.६ सारांश

उद्दिष्ट लिहिणे हे शास्त्रज्ञाइतकेच भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे. माप शास्त्र देते. त्यास कर्ता, काळ आणि स्थळ वाक्य देते. आपल्या गावच्या नदीविषयीचा पुढचा ठराव वाचताना प्रथम त्यातील कर्ता शोधा.

४.७ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. सुशोभीकरण व पुनरुज्जीवन यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. कर्मणी रचनेमुळे उत्तरदायित्व कसे झाकले जाते, ते लिहा.
३. उपक्रम : आपल्या परिसरातील नदी, नाला किंवा खाडी यांविषयीचा एखादा फलक अथवा ठराव मिळवा आणि पाच प्रश्नांच्या आधारे त्याचे पुनर्लेखन करा.