अर्थशास्त्राची खतावणी

व्यापारी घराण्यातील मुलास पाटी-पेन्सिलीच्या पाठोपाठ कीर्द आणि खतावणी यांची ओळख होते. दिवसभराचे व्यवहार कीर्दीत क्रमाने उतरतात आणि पुढे ज्या त्या खात्यावर त्यांची खतावणी होते. अर्थशास्त्रातील संशोधनाचीही अशीच एक खतावणी आहे. आपल्या घरांतील मुलेमुली उच्च शिक्षणाकडे वळत असताना तिचा परिचय सर्वांस असावा, असे आम्हांस वाटते.

अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने आपल्या ‘जर्नल ऑफ इकॉनॉमिक लिटरेचर’ या नियतकालिकासाठी जे वर्गीकरण सिद्ध केले, तेच आज जगभर रूढ आहे. त्यात वीस मुख्य खाती असून प्रत्येकास रोमन लिपीतील एक अक्षर दिलेले आहे. ‘ई’ म्हणजे समग्र अर्थव्यवस्था व चलन, ‘एफ’ म्हणजे परदेशी व्यापार, ‘जी’ म्हणजे वित्तव्यवहार. अक्षरापुढील दोन अंक पोटखाते दाखवितात.

नुसत्या यादीने विषय उमगत नाही, म्हणून निपाणीच्या तंबाखूचे एक पोते घेऊ. शेतात पिकलेला तंबाखू बाजारात आला की ‘क्यू १३’, म्हणजे शेतमालाची विक्रीव्यवस्था. वखारीत तो चाळणाऱ्या स्त्रियांची मजुरी ‘जे’, श्रम या खात्यावर जाते. १९४३ पासून तंबाखूवर बसलेले केंद्रीय अबकारी शुल्क ‘एच’मध्ये, म्हणजे सार्वजनिक अर्थकारणात मोडते, तंबाखूने होणारी आरोग्यहानी ‘आय’मध्ये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्याचा बाजारपेठेवर काय परिणाम झाला हा प्रश्न ‘आर’, प्रादेशिक अर्थशास्त्राचा. आणि आपला घाऊक व किरकोळ व्यापार? त्याचे पोटखाते ‘एल ८१’.

पोते एकच, खाती मात्र सहा. म्हणूनच एका निबंधास एकाहून अधिक संकेत देण्याची मुभा असते. ज्याने एकच खाते उघडून पाहिले, त्यास बाजार समजला असे म्हणता येत नाही. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी योग्य भावासाठी महामार्गावर ठाण मांडले आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी प्राणास मुकले. वखारीतील श्रमिक स्त्रियांच्या संघटनेवर छाया दातार यांचे इंग्रजी पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध झाले. शेतकऱ्याचा भाव आणि स्त्रियांची मजुरी ही दोन्ही खाती आपल्याच व्यवहाराची होती; ती आपणही वेळीच वाचावयास हवी होती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

आता आपल्या स्वतःच्या खात्याविषयी. ‘एन’ हे आर्थिक इतिहासाचे अक्षर असून आशियातील व्यापारी पेढ्यांच्या इतिहासास ‘एन ८५’ असा संकेत आहे. पुण्याच्या १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धुरीण धनंजयराव गाडगीळ यांनी आधुनिक भारतीय व्यापारी वर्गाच्या उगमावर १९५९ साली पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यास अंतरिम अहवाल म्हटले. तो विषय पुढे न्यावयाचा तर साधन हवे. सरकारी दप्तरात कर सापडतो. परंतु उधारी कोणास दिली, व्याज किती धरले, दुष्काळी वर्षी वसुली का थांबविली, हे जुन्या चोपड्यांतच सापडते. त्यांतील पुष्कळ मोडी लिपीत आहेत, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत काही रद्दीत जातात.

आमची विनंती एवढीच की, या दिवाळीस माळा झाडण्यापूर्वी चोपड्यांची वर्षवार यादी करावी आणि घरातील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक चोपडी उलगडून पाहावी. शिल्लक पुढच्या वहीत ओढण्याची आपली रीतच आहे. हीही शिल्लक ओढली जावी.