कामापुरती जपानी

जपानी भाषेची एन-२ परीक्षा पास झालेला माणूस ऑफिसात फोन वाजला की पाण्याची बाटली भरायला उठतो, हे मी स्वतःवरून सांगते. आयची प्रांतातल्या आमच्या कारखान्यात पहिले काही महिने माझी बाटली कायम भरलेली असायची.

जेएलपीटीला, म्हणजे या एन-पायऱ्यांच्या परीक्षेला, मला नावं ठेवायची नाहीत. नोकरीला, पगाराला, व्हिसाला तिचा उपयोग होतो. पण त्या परीक्षेत बोलण्याचा पेपरच नाही, हे लक्षात ठेवा. एन-५ पासून एन-१ पर्यंत सगळा मामला पर्याय निवडून गोल काळा करण्याचा. एक वाक्यसुद्धा स्वतःच्या तोंडानं किंवा हातानं रचावं लागत नाही. पुण्यात क्लास लावलेली मुलं जुलै, डिसेंबर करत एकेक पायरी चढतात. कांजी पाठ, व्याकरण पाठ, आणि नागोया स्टेशनवर उतरल्यावर तिकिटाचं विचारायला तोंड उघडत नाही. कारण सवय लागलेली असते ती एकमेव बरोबर उत्तर शोधायची. समोरचा बोलत असतो आणि आपण मनातल्या मनात इथे ‘वा’ प्रत्यय येईल की ‘गा’ याचा निवाडा करत बसतो. तो बिचारा जरा वेळ थांबतो, मग इंग्रजी येणाऱ्या कुणाला तरी हाक मारतो. तिथे आपली जपानी संपली.

आमच्या लाइनवर एक व्हिएतनामी मुलगा होता. त्याच्याकडे कुठलंही मोठं सर्टिफिकेट नव्हतं. एकदा तो हातात एक ब्रॅकेट घेऊन सरळ सुपरवायझरसमोर जाऊन उभा राहिला. “कोरे, दामे. कोको, किझु.” हे खराब, इथे ओरखडा. बोट ओरखड्यावर. सुपरवायझरनं विचारलं, कधीपासून? “केसा कारा.” सकाळपासून. दोघं मशीनकडे गेले, पकड सैल झाली होती ती सापडली, काम सुरू. त्या सगळ्या संवादात धड क्रियापद नव्हतं. तेच मी सांगायला गेले असते तर कर्मणी प्रयोग जुळवेपर्यंत आणखी शंभर ब्रॅकेट खरवडून निघाले असते.

म्हणजे वाटेल तसं बोलावं का? नाही. व्याकरणातल्या चुका लोक पोटात घालतात, आकड्यांतल्या घालत नाहीत. जपानीत महिन्याची चार तारीख म्हणजे ‘योक्का’ आणि आठ तारीख म्हणजे ‘योऽका’. वर्गात हा फरक फळ्यावर स्पष्ट दिसतो, फोनवर कानातून निसटतो. चाकणहून यायच्या नमुन्यांची तारीख ग्राहकानं फोनवर सांगितली, तेव्हा मी आठ लिहून घेतली. शंका आली होती. पण पुन्हा विचारलं तर एन-२ची अब्रू जाईल असं वाटलं आणि “हाय, वाकारिमाशिता”, म्हणजे हो, समजलं, असं म्हणून मी फोन ठेवला. चार तारखेला ग्राहकाची माणसं तपासणीला हजर, आणि पेट्या अजून चाकणलाच. आमचे साहेब ओरडले नाहीत. परत का विचारलं नाही, एवढंच त्यांनी विचारलं, आणि त्याला माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं.

तेव्हापासून फोनवर मी दोन वाक्यं बेधडक वापरते: ‘मो इचिदो ओनेगाई शिमास’, म्हणजे पुन्हा एकदा सांगा, आणि ‘काकुनिन सासेते कुदासाई’, म्हणजे खात्री करून घेऊ द्या. मग तारीख वारासकट परत म्हणून दाखवायची. यात कमीपणा काही नाही, जपानी माणसं आपसातही हेच करतात. ‘इचि’ म्हणजे एक आणि ‘शिचि’ म्हणजे सात ऐकायला सारखे वाटतात, म्हणून फोनवर तीही साताला ‘नाना’ म्हणतात. आणि समोरचा “हाय, हाय” म्हणत असला तर तो कबूल झाला असं धरू नका. बऱ्याचदा तो नुसता हुंकार देत असतो. मालाचा दर, मुदत, घरभाड्याच्या अटी, जे काही ठरलं असेल ते दोन ओळींच्या ईमेलनं पक्कं करून घ्या.

आपल्याला एक गोष्ट आयती मिळालेली आहे आणि आपणच ती वाया घालवतो. आपल्याकडे जपानी शिकवताना इंग्रजी मध्ये आणतात. ‘वाताशी वा आश्ता ओसाका नि इकिमासेन’ हे वाक्य मराठीत ठेवून बघा: मी उद्या ओसाकाला जात नाही. शब्दांचा क्रम तोच, ‘ला’च्या जागी ‘नि’, आणि नकार अगदी शेवटी. मनात मराठी वाक्य करा आणि जपानी शब्द भरत जा, निम्मं काम तिथेच होतं. शेवटचा शब्द मात्र गिळू नका आणि दुसऱ्याचाही नीट ऐका, कारण होकार की नकार ते तिथेच कळतं.

आदरार्थी ‘केइगो’ची धास्ती अनेकांना असते. परदेशी माणसाकडून रोजच्या व्यवहारात ‘देसु-मासु’पर्यंतचा सभ्यपणा पुरतो. अॅनिमे बघून उचललेली सलगीची भाषा तेवढी साहेबांसमोर नको.

समोरच्यालाही सोपं बोलायला सांगता येतं, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. १७ जानेवारी १९९५ला कोबेच्या परिसरात मोठा भूकंप झाला. पाणी कुठे, निवारा कुठे, या सूचना बहुतेक अवघड जपानीत होत्या, आणि ती न समजणारे परदेशी लोक ताटकळले. त्यातून ‘यासाशी निहोंगो’ म्हणजे सोपी जपानी पुढे आली. छोटी वाक्यं, रोजचे शब्द, ‘उंच भागी स्थलांतर करा’च्या ऐवजी ‘उंच जागी पळा’. एनएचके अशा भाषेत बातम्या देते, अनेक नगरपालिकांची पत्रकंही तशी असतात. कचेरीच्या खिडकीवर ‘यासाशी निहोंगो दे ओनेगाई शिमास’ म्हटलं की बऱ्याचदा समोरचा वेग कमी करतो. माझ्या मते एन-३चं पुस्तक उघडण्याआधी या बातम्या मोठ्यानं वाचाव्यात.

पाठ असायलाच हवी अशी एकच गोष्ट आहे. ११९ हा तिथला रुग्णवाहिका आणि अग्निशमन दल या दोन्हींचा क्रमांक. पलीकडून आधी विचारतात, “काजी देसु का, क्यूक्यू देसु का?” आग की रुग्णवाहिका? मग विचारतात पत्ता. बऱ्याच ठिकाणी फोनवर दुभाषा जोडून देतात, पण तो येईपर्यंत पत्ता तरी तुम्हालाच सांगायचा असतो. शहर, चोमे म्हणजे वस्तीचा विभाग, घराचे आकडे, इमारतीचं नाव, खोली क्रमांक. नोकरी करणाऱ्याला हे येतं, कारण फॉर्म तो भरतो. दिवसभर घरी एकटी असणारी बायको आणि तीन महिन्यांसाठी आलेले आईबाबा यांना बहुधा येत नाही. आज रात्री जेवताना त्यांच्याकडून पत्ता मोठ्यानं म्हणवून घ्या.