पेटी घेताय? आधी भाता बघा

नोकरी संपली किंवा मुलं मार्गी लागली की पेटी शिकायची हौस फार जणांना असते. तबल्याला हात वळावा लागतो, सतारीच्या तारेनं बोटं सोलतात, बासरीतून पहिले काही आठवडे नुसता वारा निघतो. पेटीचं तसं नाही. भाता हलवला, पट्टी दाबली की सूर हजर. म्हणून ती घरोघरी येते. आणि वर्ष-दोन वर्षांत कपाटावर जाऊन बसलेली हौसेची वाद्यं पाहिली तर त्यातही पेट्याच जास्त. शिकणाऱ्याच्या अंगात सूर नव्हता म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. ज्या घरांत मी डोकावले आहे तिथे एक तर वाद्य त्या माणसाला न शोभणारं होतं, नाही तर ते जपायचं कसं हे कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या घरी दोन्ही झालं. ते तुमच्याकडे होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

मी रत्नागिरीची. निवृत्त झाले तेव्हा लेक-जावयांनी मोठ्या प्रेमानं पेटी भेट दिली. दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं की शिकणाऱ्यानं एकदाच काय ते चांगलं घ्यावं. म्हणून आली ती स्केल चेंजर, ट्रिपल लाइन (एका पट्टीला तीन रीड), कपलर (एका पट्टीबरोबर तोच सूर दुसऱ्या सप्तकातही वाजवणारा) असलेली. रंग असा की पाहणाऱ्यानं हात फिरवावा. ही पेटी उत्तमच असते, पण कुणासाठी? आज एका गायकाला, उद्या दुसरीला साथ करणाऱ्या वादकासाठी. स्केल चेंजरमध्ये पट्ट्यांची अख्खी चौकट रीडच्या फळीवर डावी-उजवीकडे सरकते. बोटं काळी एकचीच ठेवायची आणि सूर मात्र काळी दोनचा किंवा पांढरी पाचचा काढायचा, ही सोय. पण सरकणारी चौकट म्हणजे जास्त सांधे, जास्त लाकूड आणि हवा निसटायला जास्त फटी. वजनही आलंच. साधी डबल लाइन पेटी दहा किलोंच्या आसपास असते, ही पंधराच्या वर जाते. भजनाला पेटी घेऊन जायची तर दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागायची. ट्रिपल लाइन आणि कपलर एकदम लावले की भाता इतकी हवा मागतो की माझा डावा खांदा धरला. कपलर न लावता, दोनच स्टॉपर, म्हणजे रीडकडे हवा सोडणारे पुढचे खटके, उघडून वाजवायला लागल्यावर तो सुटला.

रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पहिल्या आषाढातच चौकट फुगून घट्ट बसली. दोन पट्ट्या दाबल्या की वर येईनात आणि एक सूर कुणी न दाबताही सतत गुणगुणत राहिला. एका दुरुस्ती करणाऱ्यानं पेटी नेली. परत आली तेव्हा पट्ट्या मोकळ्या होत्या आणि वाजतही छान होती. गणपतीत भाचा मुंबईहून कीबोर्ड घेऊन आला. दोघांनी काळी चार धरून आरती सुरू केली तर कानाला टोचू लागलं. त्यानं मोबाइलवरचा ट्यूनर लावला. पांढरी सहाचा सूर ४४० हर्ट्झला यायला हवा, तो वर होता, आणि त्याच्याबरोबर सगळं सप्तकच वर चढवलेलं होतं.

याचं कारण मला पुढे घाटावरच्या एका वयस्क कारागिरांनी झाकण उघडून दाखवलं. रीड म्हणजे पितळेची पातळ जीभ. तिचं टोक तासलं की ते हलकं होतं आणि सूर चढतो. बुडाशी तासलं की जीभ लवचिक होते आणि सूर उतरतो. चार सूर चढे लागले असतील तर ते उतरवायचे, हा सरळ मार्ग. आमच्या पेटीत उरलेले सगळे सूर त्या चारांच्या उंचीला नेले होते. त्या उरलेल्या झाडून सगळ्या रीडच्या टोकांवर कानशीचे ताजे ओरखडे दिसत होते. ‘ताई, गेलेलं पितळ परत बसवता येत नाही,’ ते म्हणाले. त्यांनी जमेल तेवढं खाली आणलं, पण दोन रीड पुढच्या वर्षात तुटल्याच.

तेव्हा पेटी दुरुस्तीला देताना ‘सूर लावून द्या’ एवढंच सांगू नका. ४४०ला लावा, असं सांगा आणि परत घेताना समोर ट्यूनर धरा. हवेतल्या फरकानं सूर थोडे इकडे-तिकडे होतातच. तेवढ्यासाठी दर वर्षी सगळ्या रीड तासून घेऊ नका. नवी पेटी वाजवून थोडी रुळली की एकदा ट्यूनिंग करून घ्यावं, आणि मग कान तक्रार करेल तेव्हाच.

आता घेण्याविषयी. सगळ्यात आधी स्वतःचा स्वर शोधा. बायकांचा स्वर बहुधा काळी चार-काळी पाचच्या जवळ असतो, पुरुषांचा पांढरी एक ते काळी दोनच्या. हौशी माणूस गाणार असतो त्या एक-दोन पट्ट्यांत. तेवढ्यांवर बोटं बसवणं सहा महिन्यांचं काम आहे आणि ते केलेलंच बरं. म्हणून मी विचारणाऱ्या प्रत्येकाला साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची, डबल लाइन, साधी पेटी घ्यायला सांगते. चेंजरवर जाणारा पैसा चांगल्या रीडवर घाला. आपल्याकडच्या पेट्यांतल्या पुष्कळ रीड गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या पालिताण्याहून येतात. दुकानदाराला रीड कुठल्या आणि सूर कुणी लावले, हे मोकळेपणानं विचारा. चांगला विक्रेता झाकण उघडून दाखवतो. जो उघडू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

रंग, नक्षी, हस्तिदंती दिसणाऱ्या पट्ट्या शेवटी बघा. आधी भाता. सगळे स्टॉपर बंद करून हलक्या हातानं भाता दाबा. जोर लावू नका, कातडं आणि सांधे दुखावतात. भाता जागच्या जागी अडला तर हवा कोंडते आहे. तो सहज मिटत गेला तर हवा कुठून तरी पळते आहे. मग एकच स्टॉपर उघडा, भाता भरा, मधली एक पट्टी दाबून धरा आणि हात थांबवा. सूर किती वेळ टिकतो ते दोन-तीन पेट्यांवर लागोपाठ करून पाहा, फरक लगेच कळतो. त्यानंतर प्रत्येक पट्टी एकेकटी वाजवा, अगदी डावीकडून उजवीकडे. खर्जातले सूर बोलायला उशीर करत असतील, वरचे किंचाळत असतील, तर सोडून द्या. तुम्हाला वाजवता येत नसेल तर वाजवणाऱ्या कुणाला बरोबर न्या. जुनी पेटी मिळत असेल तर नाही म्हणू नका, पण तिलाही हीच परीक्षा लावा. एखाद्या जुन्या बुवांच्या घरातली, रोज वाजलेली पेटी दुकानातल्या नव्या कोऱ्या पेटीपेक्षा कितीतरी गोड निघते.

पावसाळा हा कोकणातल्या पेटीचा खरा वैरी, आणि आपल्याकडे पेटीची गरज नेमकी तेव्हाच असते. श्रावणातली भजनं, मग गणपती. सिंधुदुर्गातल्या डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनसामन्यात, तर बुवांचा हात पेटीवरच असतो. मी आता काय करते ते सांगते. पेटी भिंतीला लावून ठेवत नाही, ओल भिंतीतून येते. जमिनीवरही नाही, उंदरांना भात्याचं कातडं आवडतं. प्लास्टिकच्या पिशवीत तर कधीच नाही, आत घाम धरतो. धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्यात गुंडाळून, लाकडी खोक्यात, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवून कपाटाच्या मधल्या फळीवर. पुड्या ओलसर झाल्या की बदलायच्या. ठेवताना भाता बंद करून कडी लावायची, सगळे स्टॉपर आत ढकलायचे, म्हणजे धूळ रीडपर्यंत जात नाही. उन्हात पेटी वाळवायची कल्पना पुष्कळांना सुचते. तसं करू नका, लाकूड तडकतं आणि डिंकाचे सांधे सुटतात. वाद्याला सगळ्यात चांगलं औषध म्हणजे ते रोज वाजणं. पाऊस असो नसो, पंधरा मिनिटं वाजवा आणि ज्या पट्ट्या तुमच्या गाण्यात कधीच येत नाहीत त्याही दाबा.

एखादा सूर अचानक मुका झाला तर घाबरून कारागिराकडे धावू नका. बहुतेकदा रीडखाली धुळीचा कण किंवा धागा अडकलेला असतो. भाता चांगला भरून तीच पट्टी झटपट पाच-सात वेळा दाबा, कण उडून जातो. नाही गेला तर झाकण उघडा आणि ताठ कागदाची कड रीडच्या फटीतून अलगद फिरवा. सुई, ब्लेड, टाचणी लावू नका, रीडला चरा पडला की सूर गेला. सूर आपोआप वाजत राहिला तर पट्टीखालची स्प्रिंग सरकली आहे का, किंवा पट्टीनं उघडणाऱ्या भोकावर काही अडकलं आहे का, ते आधी पाहा. हे घरी जमतं. भाता फाटला, चौकट फुगली, सूर उतरले, तर मात्र हात लावू नका.

शिकण्याबद्दल थोडंसं. सध्या इंटरनेटवर गाण्यांच्या पट्ट्यांचे आकडे मिळतात. त्यानं एक गाणं बसतं, दुसरं बसवायला पुन्हा आकडे शोधावे लागतात. त्यापेक्षा समोर बसून चूक दाखवणारे गुरुजी शोधा, आणि सा-रे-ग-मचे अलंकार कंटाळा येईपर्यंत वाजवा. परीक्षा द्यायच्या असतील तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून सुरुवात करता येते. परीक्षा दिल्याच पाहिजेत असं मात्र मुळीच नाही.

एक गोष्ट फार कमी जण सांगतात, ती म्हणजे पेटीचे सूर गळ्यातल्या सुरांशी तंतोतंत जुळत नाहीत. हे वाद्य युरोपातलं. १८४२ साली पॅरिसमध्ये दबँ यांनी त्याचं पेटंट घेतलं. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातानं भाता मारायची, मांडी घालून वाजवायची पेटी आणली. तिच्यात सप्तकाचे बारा समान भाग असतात. सेंटच्या मापात अर्ध्या सुराचे १०० भाग धरले, तर पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ भाग चढा असतो. मींडही निघत नाही. हे आक्षेप जुनेच. १९४० पासून १९७१पर्यंत आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, ती याच वादातून. मला ती बंदी अन्यायाची वाटते. संगीत नाटकांत गोविंदराव टेंब्यांनी आणि पुढे मैफलींत गोव्यातल्या बोरीच्या पंडित तुळशीदास बोरकरांनी या वाद्यातून जे काढलं ते ऐकलेल्या माणसाला पेटी परकी वाटणार नाही. पण हौशी माणसानं त्या आक्षेपातलं खरं तेवढं घ्यावं. रियाजाला पेटीबरोबर तानपुरा लावा, यंत्राचा किंवा मोबाइलवरचा चालेल. गाताना गंधार तानपुऱ्यात शोधा, पेटीवर नको. नाही तर पेटी शिकता शिकता कान बिघडतो, आणि ते दुरुस्त करायला कारागीर मिळत नाही.

माझी ती मोठी पेटी आता एका साथ करणाऱ्या तरुण मुलाकडे देशावर आहे. तिथल्या कोरड्या हवेत ती मोकळी चालते आणि त्याला चेंजर खरोखर लागतो. मी डबल लाइन साधी पेटी घेतली. आमच्या महिला भजनी मंडळातली कुणीही बाई ती एका हातानं उचलून नेते.

तुमच्या घरी माळ्यावर, पलंगाखाली, कुणाच्या तरी आठवणीत बंद पडलेली पेटी असेल तर ती येत्या उन्हाळ्यात खाली काढा. पुसा, भाता उघडून बघा, झाकण काढून आत नजर टाका. वाजण्यासारखी असेल तर चांगल्या कारागिराकडे द्या. तुम्हाला नको असेल तर गावातल्या भजनी मंडळाला किंवा शाळेला द्या. कारागीर थोडेच उरले आहेत, आणि गणपती तोंडावर आले की त्यांच्याकडे रांग लागते. म्हणून वैशाखातच जा.