विहिरीच्या पाण्याची नोंद

शेतकरी पिकाची पाहणी रोज करतो आणि दूध मापून घालतो. परंतु ज्या विहिरीच्या आधारावर त्याचा संसार चालतो, तिचे पाणी किती खोल गेले आहे याची लेखी नोंद फार थोड्या घरी आढळते. पंपाची धार तुटू लागली म्हणजे पाणी उतरल्याचे कळते. तोपर्यंत बाग उभी असते, आणि ती वाचविण्यासाठी कर्ज काढून ट्यूबवेल आणखी खोल केली जाते. ही वेळ येण्यापूर्वीच सूचना मिळावी, यासाठी जळगाव व धुळे जिल्ह्यांत विहिरींची व नाल्यांची मोजणी कशी करावी, याचा विचार या पाठात केला आहे.

खाणीचे उदाहरण

चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत वर्धा नदीच्या खोऱ्यात दगडी कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. कोळसा काढण्यासाठी खाणीत झिरपणारे पाणी सतत उपसून टाकावे लागते. पाणी उंचावरून खोलाकडे जाते, हा नियम जमिनीखालीही चालतो. त्यामुळे सभोवारचे भूजल खाणीकडे ओढले जाऊन जवळच्या विहिरींची पातळी आधी व दूरच्या विहिरींची मागाहून उतरते. म्हणूनच केंद्र शासन पर्यावरण मंजुरी देताना, खाणीभोवतालच्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजण्याची अट घालते. नाल्यांचे पाणीही तपासावे लागते.

खानदेशात कोळशाची खाण नाही. तथापि केळीच्या बागांसाठी असंख्य ट्यूबवेल एकाच थरातून उपसा करू लागल्या, म्हणजे त्या सर्वांचा मिळून परिणाम तसाच होतो. खाणीला एक चालक असतो व मोजणीची जबाबदारी त्याच्यावर टाकता येते. येथे उपसा करणारे सर्व गावच असल्याने मोजणीही गावानेच केली पाहिजे.

खानदेशची जमीन

सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या गोट्यांचा व वाळूचा पट्टा आहे. सुकी, मोर यांसारख्या नद्यांचे पाणी या पट्ट्यात मुरते. त्याच्या दक्षिणेस तापीच्या गाळाची जाड जमीन आहे. यावल व रावेर तालुक्यांतील केळी याच साठ्यावर उभी आहे. शासनाच्या भूजल मूल्यांकनात हे दोन्ही तालुके अतिशोषित म्हणून गणले गेले आहेत. याचा अर्थ असा की, पावसाने जितके भरले जाते त्याहून अधिक पाणी उपसले जाते.

धुळे व साक्री भागांत काळा खडक आहे. त्यात पाणी मुरमात व भेगांत राहते. खाली घट्ट दगड लागला की साठा संपतो. या भागात कठीण दगडाच्या उभ्या भिंती जमिनीखालून दूरवर गेलेल्या आहेत. अशा भिंतीच्या एका बाजूची विहीर भरलेली व दुसऱ्या बाजूची कोरडी असू शकते. म्हणून एका विहिरीवरून साऱ्या शिवाराचा अंदाज बांधू नये. गाळाच्या गावी निदान तीन, व खडकाच्या गावी त्याहून अधिक विहिरी मोजणीसाठी निवडाव्यात.

पातळी कशी मोजावी

१. विहिरीच्या काठावर रंगाने कायमची खूण करावी. प्रत्येक मोजणी त्याच खुणेपासून घ्यावी.

२. आदल्या रात्रीपासून पंप बंद ठेवून सकाळी मोजावे. चालू पंपाच्या विहिरीची पातळी खरी नसते.

३. पोलादी टेपच्या टोकाला वजन बांधून शेवटचा मीटरभर भाग खडूने माखावा. टेप पाण्यात थोडी बुडवून खुणेपाशी येणारा आकडा वाचावा. त्यातून ओल्या भागाची लांबी व जमिनीपासून खुणेची उंची वजा करावी. समजा, आकडा ३६.०० मीटर, ओला भाग ०.४० मीटर व खुणेची उंची ०.६० मीटर आहे. तर पाणी जमिनीपासून ३५.०० मीटर खोल आहे.

४. पंप बसविलेल्या ट्यूबवेलमध्ये टेप अडकते. वापरात नसलेली, पण बुजलेली नसलेली ट्यूबवेल निवडावी. मोजणी होताच तिचे तोंड पक्के बंद करावे. उघडे तोंड लहान मुलांच्या जिवावर बेतते.

५. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत मोजते. गावानेही हेच महिने धरावेत, म्हणजे आकडे ताडून पाहता येतील. गावातील पावसाची नोंदही त्याच वहीत ठेवावी.

नाल्याचे पाणी

वाहत्या नाल्याचा दहा मीटर लांबीचा सरळ भाग निवडून लाकडाचा तुकडा सोडावा व वेळ मोजावी. समजा, २० सेकंद लागले. पृष्ठावरील वेग सेकंदास ०.५० मीटर झाला. खालचे पाणी सावकाश वाहते, म्हणून वेगास ०.८५ ने गुणावे. पात्राची रुंदी २ मीटर व सरासरी खोली ०.३० मीटर असल्यास प्रवाह सेकंदास २५५ लिटर येतो. त्याच दिवशी दोन-तीन किलोमीटर खाली पुन्हा मोजावे. मध्ये दुसरा नाला मिळत नसेल व कोणी पाणी उचलत नसेल, तर येणारी घट बहुतांशी जमिनीत मुरलेल्या पाण्याची होय. बंधारा कोठे घालणे लाभाचे ठरेल, हे यावरून समजते.

आकडे कसे वाचावेत

पाण्याची वही जमाखर्चाच्या वहीप्रमाणे वाचावी. समजा, मे महिन्यात पाणी ३५ मीटरांवर होते, ऑक्टोबरात ते २९ मीटरांवर आले व पुढील मे महिन्यात ३७ मीटरांवर गेले. सहा मीटर जमा झाले, आठ मीटर खर्च झाले. दोन मीटर मुद्दलातून गेले. पावसाळ्यानंतरची भरलेली विहीर पाहून समाधान मानू नये. मे महिन्याची तुलना मे महिन्याशीच करावी.

एका वर्षाच्या घटीवरून घाईने अनुमान काढू नये. त्या वर्षी पाऊस कमी झालेला असू शकेल. परंतु पाऊस सरासरीइतका होऊनही तीन-चार वर्षे मे महिन्याची पातळी उतरतच राहिली, तर उपसा अधिक आहे असे निश्चित समजावे. अशा वेळी ट्यूबवेल खोल केल्याने पाणी वाढत नाही. ते अधिक खालून ओढता येते आणि शेजाऱ्याची विहीर लवकर आटते.

पांझरा नदीवरील फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाहून कोणत्या फडाला पाणी द्यावयाचे, हे शेतकरी एकत्र बसून ठरवीत आले. भूजल डोळ्यांना दिसत नाही; वहीतील आकडे हेच त्याचे दर्शन होय. ऑक्टोबरची मोजणी होताच जलसुरक्षक व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावेत व ग्रामसभेत वाचून दाखवावेत. रब्बीचे क्षेत्र किती ठेवावे, केळीची नवी लागवड किती करावी, ठिबक सिंचन कोठे आधी बसवावे, याचा निर्णय बियाणे व रोपे विकत घेण्यापूर्वी व्हावा. वही ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी व कार्यकर्ता बदलून गेल्यास ती नव्या कार्यकर्त्याच्या स्वाधीन करावी.