विहिरीवरील मोटार का फिरते व का जळते

नीरा डाव्या कालव्याची पाळी लांबली की अंथुर्णे परिसरातील उसाची सारी भिस्त विहिरीवर येते, आणि विहिरीची भिस्त विजेच्या मोटारीवर. मोटार जळते तीही बहुधा अशाच ओढीच्या दिवसांत. ती का जळते हे कळण्यासाठी ती मुळात का फिरते हे पाहिले पाहिजे.

नालाकृती चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची बारीक तार सैल टांगावी व टॉर्चच्या घटाला क्षणभर जोडावी. तार तत्काळ एका बाजूस उसळते. घटाची जोडणी उलट केल्यास ती विरुद्ध बाजूस जाते. घरातील विजेवर हा प्रयोग कदापि करू नये. विद्युत्प्रवाह वाहणाऱ्या तारेला चुंबकीय क्षेत्रात असा रेटा बसतो. मायकेल फॅरडे याने १८२१ मध्ये याच रेट्याने तार चुंबकाभोवती सतत फिरती ठेवून दाखविली.

आपल्या तीन फेजच्या मोटारीत कायमचा चुंबक नसतो. बाहेरील स्थिर भागाच्या वेटोळ्यांत तिन्ही फेजचे प्रवाह एकामागून एक चढतात व उतरतात, त्यामुळे तेथील चुंबकीय क्षेत्रच गरगर फिरू लागते. आतील रोटरच्या दांड्यांना बाहेरून वीज दिलेली नसते. फिरते क्षेत्र त्यांना छेदून जाते म्हणून त्यांत प्रवाह उत्पन्न होतो, आणि मग टांगलेल्या तारेप्रमाणेच त्या ढकलल्या जातात. रोटर क्षेत्राला कधीच गाठत नाही. गाठले तर छेदणे थांबेल व रेटाही संपेल. म्हणून मिनिटास ३,००० फेरे घेणाऱ्या क्षेत्रामागे रोटर २,८८० च्या आसपास फिरतो.

आता दाब ४१५ व्होल्टवरून ३३२ वर उतरला असे समजा. क्षेत्र दुबळे होते, दांड्यांतील प्रवाहही तितकाच घटतो, आणि एकूण रेटा ६४ टक्केच उरतो. रोटर मागे पडतो व वेटोळी अधिक प्रवाह ओढू लागतात. पूर्ण अडलेली मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते. उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाने वाढते : पाच पट प्रवाहास पंचवीस पट उष्णता. एक फेज गेली असता बंद मोटार सुरू केल्यास क्षेत्र फिरत नाही, मोटार जागीच गुणगुणत तापते. अशा वेळी स्टार्टर काडी खोचून दाबून ठेवणे अथवा फ्यूजच्या जागी जाड तार घालणे म्हणजे राखणदाराचेच हात बांधणे होय.

वेटोळी नव्याने भरून आणलेली मोटार पाणी कमी देऊ लागली, तर ती उलटी फिरत नाही ना हे प्रथम पाहावे. मेन स्विच बंद करवून कोणत्याही दोन फेजच्या तारांची वायरमनकडून अदलाबदल करून घ्यावी. क्षेत्राची दिशा पालटते व तिच्यामागे रोटरचीही.