गुलाबी रंगातलं सोनं : चिनी सम्राटांची फुलांची भांडी

लोणच्याच्या बरणीला आपण सहज 'चिनी मातीची' म्हणतो. मग त्या चीनची गोष्ट मुलांना सांगायला नको का?

१८व्या शतकात जिंगदेझेन इथे पांढरीशुभ्र भांडी सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजत. त्यातली निवडक कोरी भांडी हजार किलोमीटरहून दूर बीजिंगच्या राजवाड्यात जात. तिथले चित्रकार त्यांवर मीनाकारीचे रंग, म्हणजे रंगीत काचेची पूड, भरत. मग पुन्हा भट्टी, पण ७००-८०० अंशांचीच. "कमी का?" असं मुलं विचारतीलच. आच वाढली तर रंग बिघडतो, कमी पडली तर नीट चिकटत नाही. आधीची सगळी मेहनत वाया!

यातला गुलाबी रंग सोन्यापासून होतो. सोन्याचे अतिसूक्ष्म कण काचेत पसरले की ती गुलाबी दिसते. मी वर्गात तो लोखंडाचा रंग सांगून बसले होते. पुढच्या तासाला चूक कबूल केली. मुलं त्या दिवशी जास्त लक्ष देऊन ऐकत होती.

पिओनी म्हणजे वैभव, थंडीत फुलणारा प्लम म्हणजे चिवटपणा. कमळाचं आपल्याला काय सांगायचं! मला स्वतःला सम्राट योंगझेंगच्या (१७२३-१७३५) काळातली भांडी आवडतात. एक फुललेली फांदी, शेजारी कवितेच्या ओळी, बाकी जागा कोरी. पुढे छ्येनलोंगच्या काळात काही भांडी फुलांनी इतकी भरली की पांढरं दिसेचना.

मुलांना कागदी थाळी द्या. एकच फांदी काढायची, अर्धी थाळी कोरी ठेवायची. बघा, किती जणांना जमतं ते.